लेम्पेरचा उजवा डोळा

मालांग, २ ऑगस्ट

म्बाक विदुरी,

तुझ्या सापाने काल कात टाकली. टाकली म्हणजे अर्धी टाकली. जुन्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटतो तशी तुकड्यातुकड्यांनी निघाली आहे. पोटाखाली चिंध्या लोंबतायत, पाठीवर राखाडी चट्टे राहिलेत, शेपटीच्या टोकाशी कातडीची एक अंगठी घट्ट बसली आहे आणि दोन्ही डोळ्यांवर पांढुरकी साय आहे. आठ महिन्यांचं अजगराचं पिल्लू, माझ्या मनगटाएवढंही जाड नाही, आणि दिसतं असं की कुणीतरी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून उन्हात वाळत घातलंय.

तू ठेवून गेलेला कागद मी पुन्हा काढून वाचला. अकरा ओळी आहेत. त्यातल्या आठ उंदरांवर खर्च केल्यास: कुठल्या वारी, केवढा, किती वेळ कोमट पाण्यात ठेवून. दोन ओळी काचेच्या पेटीच्या झाकणावर. आणि शेवटची ही: "कात ती आपापली टाकते. तुला काही करावं लागणार नाही."

तुझी धाकटी म्हणून हे वाक्य मी ओळखते, म्बाक. इबूला माझ्या दारात सोडलंस तेव्हाही हेच होतं. "इबूचं काही नसतं गं, दिक. ती आपापली असते. तुला काही करावं लागणार नाही. दोनच आठवडे." आपल्या आईचे ते दोन आठवडे तीन वर्षं चालले, ती जाईपर्यंत. लेम्पेरचे दोन आठवडे एप्रिलमध्ये सुरू झाले.

कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर लिहिलं की तू वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवतेस आणि सुटतेस. आधी माझ्या रोजच्या वहीत लिहिते, मग शिव्या गाळून तुझ्यासाठी उतरवते. आज फार गाळल्या नाहीत.

घरात मदत म्हणशील तर माझा नवरा. शाळेत चौदा वर्षं पोरांना कवायत शिकवणारा माणूस, पण सापाच्या खोलीच्या उंबऱ्याआत पाऊल टाकत नाही. आज दारातूनच म्हणाला, "तिवी, हिला सोललंय की भाजलंय?" मी म्हटलं, "मास केलिक, आत या आणि बघा." तर म्हणे, "मला इथून छान दिसतंय."

यंदा बेदिदिंगची, कोरड्या मोसमातली थंडी जरा जास्तच आहे. सकाळी अंगणात तोंडातून वाफ निघते, आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटून रक्त येतं. त्यामुळेच झालं असणार. दुसरं काय कारण असेल?

काय करायचं ते कळव. लगेच.

तिवी

५ ऑगस्ट

म्बाक,

फोटो पाठवले होते. तुझं उत्तर आलं: हात जोडलेल्या मांजराचं चित्र. मांजर गोड आहे.

तेव्हा काल मीच लेम्पेरला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याला गाठ मारली आणि पाखरांच्या बाजारात पाक पोनिरानकडे घेऊन गेले. तेच ते, रातकिडे आणि पाखरांचं खाद्य विकणारे, ज्यांच्याकडून तू पहिला साप घेतला होतास. रिक्षात शेजारच्या बाईने विचारलं, "काय नेताय, बु? बाजारात विकायला पेरू?" मी हो म्हटलं. अभ्रा हलला तशी ती पलीकडे सरकून बसली.

पाक पोनिराननी लेम्पेरला हातावर घेतलं. चष्मा कपाळावर चढवला आणि मानेपाशी बोट नेलं. तिथे तीनचार खवल्यांची जागा लालसर, ओलसर आहे.

"हे कुणी ओढलं?"

"कुणी नाही. दगडाला घासली असेल."

"दगडाला बोटं असतात का, बु तिवी?"

मी अभ्र्याची घडी घातली. त्यांनी पुढे विचारलं, पेटीत ऊब कशाची देता? मी म्हटलं, खोलीचीच. ते नुसतं "हं" म्हणाले. मला त्या "हं"चा राग आला, हे इथे लिहून ठेवते.

मग त्यांनी प्लास्टिकच्या टबात पाणी घेतलं. मनगटाला कळेल न कळेल इतकं कोमट, आणि उंची तिच्या हनुवटीच्या खाली. "तिला पोहायला लावायचं नाही. बसू द्यायचं. अर्धा तास. मग हा ओला टॉवेल हातात सैल धरायचा आणि तिला त्यातून जाऊ द्यायचं. ती पुढे जाईल, कात मागे राहील. तुम्ही ओढायचं नाही. ओढायचं काम तिचं, तुमचं काम फक्त टॉवेल धरायचं."

"आणि नाही निघाली तर?"

"उद्या पुन्हा. परवा पुन्हा. तुम्हाला कुठे गाडी गाठायची आहे?"

"आणि डोळे?"

तेव्हा त्यांनी लेम्पेरला खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "डोळ्यांना बोट लावणार असाल तर माझ्या दुकानात पुन्हा पाय ठेवू नका. सापाला पापणी नसते. डोळ्यावर एक काच असते, कातीबरोबर ती जुनी काच जाते आणि खाली नवी असते. वरून तुम्हाला आणि मला दोन्ही सारख्याच दिसतात. चुकून नवी निघाली तर डोळा गेला. राहिली असेल तर राहू द्या. हवा ओलसर ठेवा. पुढच्या कातीबरोबर येईल."

"पुढच्याही वेळी नाही आली तर?"

"थरावर थर बसतो. मग आंधळी होते. आणि आठ महिन्यांच्या पोरीला अजून वीस-पंचवीस वर्षं काढायची आहेत."

मी अभ्रा उचलला. तेव्हा ते सहज म्हणाले, "म्बाक विदुरींचीच ना ही? त्यांनी तिकडे बालिकपापानला नवी घेतली म्हणे जूनमध्ये. फोटो आलाय." आणि त्यांनी फोन पुढे केला.

पिवळी-पांढरी. तुझ्या गळ्यात. तू हसते आहेस, मागे तुझ्या घराची फुलांच्या पडद्याची खिडकी.

जूनमध्ये तू मला काय लिहून पाठवलंस ते माझ्या वहीत तारखेसकट आहे. "दिक, मी आत्ताच्या आत्ता नेली असती गं, पण इथला घरमालक साप ठेवू देत नाही."

घरमालकाचं बहुधा तपकिरी सापांशी वाकडं आहे.

तिवी

७ ऑगस्ट

म्बाक विदुरी,

दोन दिवस मी तुला शिव्या देत टॉवेल धरते आहे. हे दोन्ही एकत्र करता येतं.

काल आणि आज, सकाळी ऑफिसला जाण्याआधी एकदा आणि दुपारी परत आल्यावर एकदा. पहिल्यांदा ती टॉवेलमध्ये शिरली आणि तिथेच घडी करून बसली, अगदी केळीच्या पानातल्या लेम्पेरसारखी. भाताच्या वळकटीचं नाव तू तिला का दिलंस ते तेव्हा कळलं. मी ओरडले, "चल की गं बाई!" मास केलिक दारातून म्हणाले, "कवायतीत असं ओरडलं की पोरं आणखी हळू चालतात." मग मी गप्प बसले. पाच मिनिटांनी ती हलली. टॉवेलच्या दुसऱ्या टोकातून तिचं डोकं बाहेर आलं आणि मागे, आत, पाठीवरचा मोठा चट्टा टॉवेलला चिकटून राहिला होता. आज शेपटीची अंगठी सुटली. खाली शेपूट जिवंत आहे, काळं पडलेलं नाही. डाव्या डोळ्यावरची सायही गेली. टॉवेलवर डाळीच्या सालाएवढी पारदर्शक वाटी सापडली. उजवा डोळा तसाच आहे. त्या बाजूने मी हात नेला तर तिला कळत नाही, डावीकडून नेला तर डोकं मागे घेते.

पेटीचंही मी बघितलं. वाचनालयात माझं कामच चिकटलेली पानं सुटी करण्याचं. वीस वर्षं तेच करते आहे: डब्यात ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर पोथी, झाकण बंद, आणि मग वाट बघायची. पान आपोआप सैल होतं. तसाच एक डबा हिच्यासाठी केला. बाजूला भोक पाडलं, आत ओलं शेवाळ. ती तासाभरात आत जाऊन बसली. मला इतकं साधं आधी सुचायला हवं होतं. का सुचलं नाही, हे मी आज लिहिणार नाही.

आज मला लुंगसुरानबद्दल लिहायचं आहे.

तुझे उतरलेले कपडे मी बारा वर्षं घातले. तुझा शाळेचा तपकिरी स्कर्ट, कमरेला दोनदा दुमडून शिवलेला. तुझे बूट, पुढे कापूस कोंबून. तुझी व्याकरणाची वही, उत्तरं आधीच लिहिलेली आणि निम्मी चुकलेली. मी रडले तर तू मला समोर बसवून सांगितलंस, "अगं, सापसुद्धा असंच करतात. मोठा साप उतरवतो, धाकटा घालतो. म्हणून तर सापाच्या कातीला व्लुंगसुंगान म्हणतात आणि उतरलेल्या कपड्यांना लुंगसुरान." मी विश्वास ठेवला. चौथीच्या वर्गात गुरुजींनी विचारलं, साप कात का टाकतो? मी हात वर करून उभी राहिले आणि सांगितलं, धाकट्या भावंडाला घालायला. वर्षभर मला पोरं "उला" म्हणत होती. साप. तू त्याच शाळेत होतीस. मधल्या सुट्टीत तूही एकदा म्हणालीस.

मला स्कर्टचा राग नाही, म्बाक. नवा स्कर्ट मिळाला असता तर मी तोही खराब केला असता. राग याचा की तुला एखादी गोष्ट नकोशी झाली की तू ती देणगीसारखी आणून ठेवतेस. गोड आवाजात, दोन आठवड्यांसाठी. मग मागे वळून बघत नाहीस, आणि पुढच्या महिन्यात तुझ्या अंगावर नवं असतं. इबूच्या वेळी तुझं नवं काय होतं ते आठव. नवं घर. नव्या घराला जिने फार होते.

आणि मी दर वेळी घेते. यात तुझा दोष किती आणि माझा किती, हे मी वहीत तीनदा लिहून तीनदा खोडलं.

तिवी

१० ऑगस्ट

म्बाक विदुरी,

काल तुझा फोन आला. एप्रिलनंतरचा पहिला. तुझं बोलणं शब्दशः उतरवते, म्हणजे नंतर तू "मी असं म्हणालेच नाही" म्हणायला नको.

"दिक, तू तिला काय केलंस?"

"मी?"

"पाक पोनिरानचा फोन होता. मानेपाशी ओढलंय म्हणाले. एवढंसं पिल्लू ते! तुला जमत नव्हतं तर सांगायचं होतं."

"सांगितलं. तू मांजर पाठवलंस."

"विषय बदलू नको. गलिहला पाठवते रविवारी. त्याच्याकडे चाळीस साप आहेत. तो डोळाही साफ करेल आणि घेऊनही जाईल. तू मोकळी."

मी फोन ठेवला. तू मोकळी! हा शब्द तू मला इबूच्या सातव्या दिवशीही दिला होतास, विमानतळावर जाताना, गाडीच्या खिडकीतून.

दिवसभर मी रागाने काही करू शकले नाही. संध्याकाळी वही उघडली आणि तुला उत्तर लिहायला घेतलं. चार पानं लिहिली, सगळी खरी. पण त्यात दोन गोष्टी नव्हत्या. त्या नसतील तर ती चार पानं पाठवायचा मला हक्क नाही. म्हणून ती फाडली. हे त्याऐवजी.

पहिली. हवा कोरडी होती हे खरं. पण पेटीतली हवा मी कोरडी केली. बेदिदिंग सुरू झालं तेव्हा मला वाटलं, हिला थंडी वाजत असेल. शेजारची बु सुलिह कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला पेटीत दिवा लावते. तोच तिच्याकडून मागून आणला आणि लेम्पेरच्या पेटीत टांगला. चाळीस दिवस, अहोरात्र. आपल्याकडे सगळे हेच करतात: थंडीत जे काही लहान असेल त्याच्यावर दिवा टांगायचा. अंडी, पिल्लं, बाळंतिणीचं मूल. मला ऊब दिसत होती, त्या दिव्याने पाण्याचं भांडं रोज रिकामं होतंय हेही दिसत होतं. मी फक्त भांडं भरत राहिले. चिकटलेलं पान दिव्याखाली धरलं तर त्याचं काय होतं हे मला वीस वर्षं माहीत आहे.

दुसरी. एक तारखेला सकाळी मी पेटीत डोकावले तेव्हा तिची कात ओठांपासून सुटून मानेपर्यंत आली होती आणि तिथे अडकली होती. ती डोकं दगडावर घासत होती. मला ऑफिसला उशीर झाला होता. त्याच सकाळी मी तुला विचारलं होतं की कधी नेतेस, आणि तू अंगठा पाठवला होतास. मी कातीचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. मोजा ओढतात तसं. कात फाटली आणि खालून लाल दिसलं. ती चावली नाही. नुसती गोळा झाली, डोकं मधोमध लपवून.

पाक पोनिरानना मी खोटं सांगितलं. तुलाही.

आता तिसरी. ही मोजायची नव्हती, पण तिच्याशिवाय पहिल्या दोन अर्ध्या राहतात.

इबूला शेवटची आंघोळ घालताना तू तिचा डावा हात धरला होतास. कोपराखाली, आतल्या बाजूला, नागवेलीच्या लहान पानाएवढी जागा होती, कातडी नसलेली. तू विचारलंस, "हे काय?" मी म्हटलं, "हॉस्पिटलमध्ये झालं." तू सगळ्या बायकांसमोर हॉस्पिटलला शिव्या दिल्यास. मी पाणी ओतत राहिले.

ते हॉस्पिटलमध्ये झालं नव्हतं. ती जायच्या नऊ दिवस आधी सुईच्या जागेची चिकटपट्टी काढायची होती. नर्सने सांगितलं होतं, खोबरेल लावून थांबा, कडेकडेने सुटेल, म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. त्या सकाळी तुझा फोन आला होता. तू येणार होतीस आणि येत नव्हतीस. "अजून दोन आठवडे" म्हणालीस. मी फोन ठेवला, तिच्याजवळ बसले आणि एका हिसक्यात पट्टी ओढली. पट्टीबरोबर कातडी आली. ओला कागद फाटतो तसा आवाजसुद्धा झाला नाही. इबू ओरडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "काही नाही गं, न्दुक." लहानपणी मी पडल्यावर म्हणायची तेच, तेवढंच हळू.

राग तुझ्यावर होता. ओढलं तिला.

हे वाचून तू काय करशील ते मला माहीत नाही. मी माझी चूक लिहिली म्हणून तुझी पुसली गेली असं मात्र समजू नकोस. तू आली असतीस तर पट्टी कदाचित तू काढली असतीस. तीही कदाचित ओढूनच. पण तू तिथे असतीस.

तिवी

१३ ऑगस्ट

म्बाक विदुरी,

तू पाठवलेले मास गलिह आले होते. तुला त्यांनी फोन करून माझं काय काय सांगितलं असेल, म्हणून माझ्या बाजूने लिहून पाठवते.

माणूस वाईट नाही. दारात चपला काढल्या, चहा घेतला, मास केलिकना विचारलं, "तुम्ही धरता का साप?" हे म्हणाले, "मी नैतिक पाठिंबा देतो."

मग त्यांनी लेम्पेरला उचललं. सराईत हात आहे, हे कबूल करायला हवं. उजवा डोळा उजेडाकडे करून म्हणाले, "एक मिनिटाचं काम आहे, म्बाक." आणि खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं. एक तुकडा दातांनी तोडला आणि बोटाला उलटा गुंडाळला. चिकट बाजू बाहेर.

"हे काय करताय?"

"डोळ्यावर अलगद टेकवायचं आणि झटक्यात उचलायचं. जुनी काच पट्टीला चिकटून येते. दहादा केलंय मी."

"दहाच्या दहा वेळा जुनीच आली?"

त्यांनी बोटावरच्या पट्टीकडे बघितलं. "आठदा," म्हणाले. खोटं बोलले नाहीत, म्हणून मी त्यांचा मान ठेवते.

"द्या तिला इकडे."

"म्बाक विदुरींनी सांगितलंय. साप त्यांचा आहे."

"साप त्यांचा आहे. डोळा तिचा आहे. पट्टी खाली ठेवा."

माझा आवाज चढला असणार, कारण मास केलिक खोलीत आले. उंबरा ओलांडून. एप्रिलपासून पहिल्यांदा. ते गलिहच्या आणि पेटीच्या मधे जाऊन उभे राहिले, घामाने चिंब, आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "माझ्याकडे द्या," म्हणाले. लेम्पेर त्यांच्या मनगटाला वेढा घालून बसली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी तिला सोडवून पेटीत ठेवलं तरी ते तसेच उभे होते, हात पुढे करून. "गेली का?" असं दोनदा विचारलं.

गलिह रिकामा डबा घेऊन गेले. जाताना म्हणाले, "पुढच्या कातीला नाही निघाली तर जबाबदारी तुमची." मी म्हटलं, "माझीच आहे. पहिल्यापासून."

दिवा मी बु सुलिहला परत केला. पेटीवर अर्ध्या भागात ओला कपडा टाकते. रोज सकाळी भिंतींवर बारीक दंव दिसलं पाहिजे, पण टपकता कामा नये. तिने उंदीर खाल्लेला नाही. उजवीकडून सावली पडली तर तिला कळत नाही. आता पुढची कात यायला पाच-सहा आठवडे. तोवर मी काहीही करू शकत नाही. म्हणजे पेटी ओली ठेवायची आणि हात मागे ठेवायचे.

माझ्या दहा तारखेच्या पत्राला तुझं उत्तर नाही. या वेळी अंगठाही नाही.

तिवी

२१ सप्टेंबर

म्बाक विदुरी,

तुझं पत्र मिळालं. पाच आठवड्यांनी का होईना, हाताने लिहिलेलं, आठवीतल्या अक्षरात. त्यात तू इबूच्या हाताबद्दल एक शब्दही लिहिला नाहीस. लिहिलं आहेस ते असं: बालिकपापानच्या उकाड्याचं, पिवळीचं खाणं सुटलं आणि ती गेली त्याचं, आणि शेवटी, "लेम्पेरला मी न्यायला येते. मला तिची फार आठवण येते."

ती गेली याचं मला वाईट वाटलं. खरं वाटलं. आणि पुढच्याच ओळीला मी पत्र टेबलावर आपटलं.

आता ऐक.

बारा तारखेला लेम्पेर फिकी पडायला लागली. पोट गुलाबी, मग डोळे निळसर दुधाळ, उजवा अधिक. मी खायला घातलं नाही, हात लावला नाही, ओला डबा दिवसातून दोनदा बघितला. सोळाला डोळे पुन्हा स्वच्छ झाले. म्हणजे डावा झाला. उजव्याचं काही सांगता येईना. ऑफिसात माझ्यापुढे एक जुनी पोथी होती आणि मी एकच पान तीनदा ओलं केलं.

अठराला सकाळी ती डब्याच्या कडेला ओठ घासत होती. मास केलिक खुर्ची घेऊन बसले. हल्ली ते आत बसतात, फक्त खुर्ची दाराजवळ असते. ओठांपाशी कात सुटली आणि उलटी होऊन मागे जायला लागली. मानेपाशी आली. त्याच जागी, जिथे मी ओढलं होतं, तिथे अडली.

मी हात मांडीखाली घेऊन बसले. म्बाक, हे मी शोभेसाठी लिहीत नाही, खरोखर मांडीखाली घेतले. मास केलिक म्हणाले, "ऑफिसला फोन करू?" मी म्हटलं, करा. त्यांनी सांगितलं, बायकोला जरा बरं नाही. लेम्पेर शेवाळातून पुढे सरकली, थांबली, बराच वेळ थांबली. मग मानेची गाठ ओलांडून कात सरसर मागे गेली, आणि वीस मिनिटांनी ती डब्याच्या पलीकडच्या बाजूने बाहेर आली, नव्या नाण्यासारखी झळकत. मागे एक सलग मोजा. शेपटीच्या टोकापर्यंत.

मी उजवीकडून बोट नेलं. तिने डोकं मागे घेतलं.

मास केलिक "अरे वा!" म्हणाले आणि मग खुर्ची आणखी थोडी मागे घेतली.

ती तुला मिळणार नाही. तुला आठवण येते हे मी खरं मानते. तुला इबूचीही यायची, फोनवर रडायचीस. पण आठवण येणं आणि समोर बसून हात मांडीखाली ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मलाही या वर्षीच जमली, तीही एकीचं रक्त काढून.

पाच ऑक्टोबरला इबूला जाऊन हजार दिवस भरतात. स्वयंपाक माझ्याकडे आहे, प्रार्थनेला गल्लीतले लोक येतील. तू ये. बरोबर काही आणू नकोस आणि जाताना काही ठेवून जाऊ नकोस. इबूच्या हाताबद्दल तुला जे बोलायचं आहे ते तेव्हा बोल, बायकांसमोर बोललीस तरी चालेल. मी पाणी ओतत उभी राहणार नाही.

या पाकिटात दोन पुठ्ठ्यांमधे टीपकागदात लेम्पेरची कात आहे. व्लुंगसुंगान. डोकं वरच्या बाजूला ठेवलंय. डाव्या डोळ्याची काच एकेरी आहे. उजव्याची उजेडात धरून बघ, ती दुहेरी आहे, एकावर एक. वरची ऑगस्टमधली, माझी. आपल्या घरात उतरलेली वस्तू थोरलीकडून धाकटीकडे यायची. ही पहिलीच उलट जाते आहे.

कागदाला कुठे चिकटली असेल तर आंघोळीच्या खोलीत वाफेत जरा वेळ ठेव. सुटेल. ओढू नकोस.

तिवी